ब्लूटूथ जीपीएस पेअर होतो पण लोकेशन देत नाही? फेकायच्या आधी त्याच्या ओळी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या वडूजजवळ पाणलोटाचं काम करणाऱ्या एका दादांकडे जुना ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर आहे, जुन्या नोकिया फोनची बॅटरी ज्यात बसते तसला. अँड्रॉइड टॅबलेटला पेअर होतो, निळा दिवा लुकलुकतो, पण नकाशाच्या ॲपमध्ये लोकेशन येत नाही. दुसऱ्या एका जुन्या ॲपमध्ये येतं पण शेत कराडच्या बाजूला दाखवतं. बांधाबांधाने चालताना बिंदू एका जागी चिकटून बसतो आणि मग एकदम उडी मारतो. बॅटरी तासाभरात बसते. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, चिप गेली, नवीन घ्या.

दादा, फेकू नका. मी गेली सोळा वर्षं मोजणी आणि मॅपिंगच्या कामात हीच यंत्रं घेऊन फिरतोय, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मला चार वेगवेगळ्या भानगडी दिसतायत, त्यातली एकही चिप गेल्याची नाही. चिप गेली असती तर शेत कराडकडे दिसलं नसतं, कुठेच दिसलं नसतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा की या डबीत दोन वेगळे रेडिओ आहेत. एक फक्त ऐकतो, वर आकाशाकडे कान लावून, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचं. दुसरा ब्लूटूथचा, २.४ गिगाहर्ट्झचा, तो ऐकलेलं तुमच्या टॅबलेटला सांगतो. निळा दिवा फक्त दुसऱ्याचं सांगतो. पेअर झालं म्हणजे जीपीएस चाललं असं लोक धरून चालतात आणि तिथेच अख्खा दिवस जातो, कारण मग लोकेशन आलं नाही की पेअरिंग काढ, परत जोड, टॅबलेट रीस्टार्ट कर हेच चालू राहतं, आणि बिघाड असतो भलतीकडेच. यात तिसरा गडी म्हणजे ॲप. तेव्हा आकाश ते चिप, चिप ते टॅबलेट, टॅबलेट ते ॲप, या तीन टप्प्यांपैकी कुठे अडकलंय हे आधी शोधायचं, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

शोधायचं कसं, तर कच्च्या ओळी बघायच्या. हा रिसीव्हर दर सेकंदाला साध्या अक्षरांत काही ओळी पाठवत असतो, त्या पद्धतीला एनएमईए म्हणतात. प्ले स्टोअरवर सीरियल ब्लूटूथ टर्मिनल नावाचं फुकट ॲप आहे ते टाका, त्यात पेअर केलेला रिसीव्हर निवडा आणि कनेक्ट करा. त्याआधी बाकीची सगळी नकाशाची ॲप पूर्ण बंद करा, नुसती मागे ढकलू नका, कारण हे जुने रिसीव्हर एका वेळी एकाच ॲपशी बोलतात, दुसऱ्या कुणी मागे लाइन धरून ठेवली असेल तर तुम्हाला काहीच मिळणार नाही. आणि अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नुसतं 'पेअर्ड' दिसतं, 'कनेक्टेड' दिसत नाही म्हणून घाबरू नका, ॲपने लाइन उघडल्याशिवाय तिथे कनेक्टेड येतच नाही. नव्या अँड्रॉइडवर ॲपला 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी वेगळी द्यावी लागते, ती नाकारली गेली असेल तर ॲप गप्प बसतं. पिन मागितला तर ०००० किंवा १२३४, नव्वद टक्के वेळा यातलाच एक. घरात कुणाच्या आयफोनवर करून बघत असाल तर सोडून द्या, या जुन्या जातीचं ब्लूटूथ आयफोन घेतच नाही, त्यासाठी ॲपलने मान्यता दिलेला किंवा नव्या लो-एनर्जी ब्लूटूथवाला रिसीव्हर लागतो.

लॅपटॉपवर बघणार असाल तर विंडोज दोन कॉम पोर्ट, म्हणजे माहितीच्या दोन वाटा, बनवतं, एक इनकमिंग एक आउटगोइंग. तुम्हाला आउटगोइंगवालाच हवा. इनकमिंग निवडून तासभर वाट बघत बसलेली माणसं मी पाहिलीयत.

आता टर्मिनलमध्ये काय दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

काहीच आलं नाही तर एकतर लाइन दुसऱ्याने धरलीय किंवा डबीच्या आत जीपीएस चिप ते ब्लूटूथ मॉड्यूल हा दुवा तुटलाय. कचरा आला, म्हणजे चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, अगम्य अक्षरं, तर दोन शक्यता. एक म्हणजे कुणीतरी पूर्वी कुठल्या तरी ॲपने चिपला बायनरी भाषेत बोलायला लावलंय, त्या काळच्या पुष्कळ रिसीव्हरमध्ये सर्फ बायनरी नावाची ही दुसरी भाषा असते आणि काही ॲप न विचारता तिच्यात ढकलतात आणि परत आणत नाहीत. दुसरं म्हणजे कुणीतरी चिपचा बॉड रेट बदललाय, म्हणजे चिप बोलतेय एका वेगाने आणि आतलं ब्लूटूथ मॉड्यूल ऐकतंय जुन्याच वेगाने. दोन्हीचा इलाज बहुतेक वेळा एकच, आतली आठवण पुसायची. मोठी बॅटरी काढून ठेवा, पण पाच मिनिटं नाही, दोन-तीन दिवस, कारण आत एक छोटा बॅकअप सेल किंवा सुपरकपॅसिटर असतो आणि तो रिकामा होईपर्यंत चिप आपली सेटिंग विसरत नाही. माझ्याकडे असे मेलेले म्हणून आलेले रिसीव्हर शुक्रवारी बॅटरी काढून कपाटात ठेवले आणि सोमवारी ठणठणीत निघाले असं बऱ्याचदा झालंय. घाई असेल तर विंडोजवर सर्फडेमोसारखं, या चिपची सेटिंग बदलणारं, सॉफ्टवेअर जोडून 'स्विच टू एनएमईए' द्यायचं.

तुमच्या बाबतीत जुन्या ॲपला लोकेशन मिळतंय, म्हणजे ओळी नीट येत असणार. तर त्या वाचूया. घाबरू नका, तीनच प्रकार कामाचे आहेत.

जीजीए ही मुख्य ओळ. समजा अशी आली: जीपीजीजीए, ०५४५१२, १७३५.६१२०, एन, ०७४२७.०८४०, ई, १, ०७, १.३ आणि पुढे उंची वगैरे. पहिला आकडा वेळ, पण ग्रिनिचची, त्यात साडेपाच तास मिळवले की सकाळचे ११ वाजून १५ मिनिटं १२ सेकंद. मग अक्षांश, रेखांश. मग तो १ आहे तो सगळ्यात महत्त्वाचा, तिथे ० असेल तर फिक्सच नाही, म्हणजे जागा ठरलेलीच नाही, १ म्हणजे साधा फिक्स, २ म्हणजे सुधारणा मिळालेला. मग ०७ म्हणजे सात उपग्रह वापरलेत. १.३ म्हणजे उपग्रहांची मांडणी किती चांगली, २ च्या खाली उत्तम, ५ च्या वर गेलं की त्या बिंदूवर विश्वास ठेवू नका. आरएमसी ओळीत वेळेनंतर एक अक्षर असतं, ए असेल तर बरोबर, व्ही असेल तर रिसीव्हर स्वतःच सांगतोय की हे धरू नका.

जीएसव्ही ओळ मात्र नीट शिकून घ्या. डॉक्टर जशी नाडी बघतो तशी ही मी पहिली बघतो. यात प्रत्येक उपग्रहाचे चार आकडे येतात, त्याचा नंबर, क्षितिजापासून किती अंश वर, कुठल्या दिशेला, आणि सिग्नलचा जोर. मोकळ्या रानात, डोक्यावरच्या उपग्रहांचा जोर ४० ते ५० यायला हवा, खालच्या बाजूचे ३० ते ३८. सगळेच २०-२५ वर अडकलेत तर एकतर वर काहीतरी झाकण आहे नाहीतर अँटेना आजारी आहे. उपग्रहांचे नंबर दिसतायत पण जोराचा रकाना रिकामा आहे तर त्याचा अर्थ रिसीव्हरला जुन्या आठवणीतून माहितेय की तो उपग्रह तिथे असायला हवा, पण प्रत्यक्षात ऐकू येत नाहीये. आणि एका बाजूचे सगळे चांगले, दुसऱ्या बाजूचे सगळे मेलेले असं असेल तर बिघाड यंत्रात नाही, त्या बाजूला डोंगर, भिंत किंवा तुम्ही स्वतः आहात. हो, माणसाच्या अंगात पाणीच पाणी, ते हा सिग्नल खाऊन टाकतं आणि ब्लूटूथचाही खातं. रिसीव्हर पँटच्या मागच्या खिशात आणि टॅबलेट पोटासमोर धरून चालणारा माणूस दोन्ही रेडिओ एकदम आंधळे करतो. टोपीवर, खांद्यावर, काठीच्या टोकाला लावा, आणि बाजू बघून लावा, आत साधारण २५ मिलिमीटरची चौकोनी चिनी मातीची अँटेना असते तिचं तोंड आकाशाकडे हवं. बहुतेक डब्यांवर कंपनीचं नाव छापलेली बाजू ती वरची बाजू.

हा सिग्नल किती बारीक असतो याची कल्पना असावी म्हणून सांगतो, जमिनीवर पोचेपर्यंत तो मोबाइलच्या बऱ्यापैकी रेंजपेक्षा हजारो पटींनी क्षीण झालेला असतो, वातावरणातल्या आणि सर्किटमधल्या नुसत्या खरखरीच्याही खाली, आणि चिप त्यातून गणिताने तो उकरून काढते. म्हणून छताखाली टेस्ट करून 'चिप गेली' म्हणणं मला बिलकुल पटत नाही. दुकान पत्र्याचं, वर स्लॅब, टेबलावर ट्यूबलाइटचा चोक, तिथे चांगला रिसीव्हरसुद्धा मुकाच राहणार.

आता कराडची गोष्ट. ही वाचून मला बरं वाटलं कारण हिचं उत्तर तुमचा प्रश्न वाचतानाच सापडलं. वरच्या ओळीत अक्षांश १७३५.६१२० असा आहे ना, तो १७ अंश आणि ३५.६१२० मिनिटं आहे. पहिले दोन आकडे अंश, पुढचं सगळं मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं, ०.५९३५ आले, म्हणजे १७.५९३५ अंश, झालं वडूज. पण कच्चं लिहिलेलं ॲप काय करतं, नुसता बिंदू सरकवतं आणि १७.३५६१ वाचतं. रेखांशाचंही तसंच, ०७४२७.०८४० म्हणजे खरं ७४.४५१४, पण वाचलं ७४.२७०८. दोन्हीतला फरक काढा, साधारण २६ किलोमीटर दक्षिणेला आणि १९ किलोमीटर पश्चिमेला, सरळ रेषेत ३२ किलोमीटर, वडूजवरून बरोबर कराडच्या दिशेला. या चुकीची एक खूण आहे ती लक्षात ठेवा, आपल्याकडे ती कायम दक्षिणेला आणि पश्चिमेलाच सरकवते, उत्तर-पूर्वेला कधीच नाही, आणि सरकण्याचं अंतर जागेप्रमाणे बदलतं, अंशाच्या सुरुवातीजवळ जवळजवळ शून्य आणि शेवटाकडे ४० किलोमीटरच्याही वर. म्हणून एका गावात 'बरोबर' चाललेलं ॲप पुढच्या तालुक्यात चुकतं आणि बिचाऱ्या रिसीव्हरला शिव्या बसतात. इलाज एकच, ते ॲप काढून टाका. एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्ड घ्या, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही बाहेरच्या ब्लूटूथ रिसीव्हरशी थेट बोलतात आणि या ओळी बरोबर वाचतात. जुन्या ॲपमध्ये आतापर्यंत घेतलेले बिंदूही फुकट गेलेले नाहीत, दशांशानंतरच्या भागाला १०० ने गुणून ६० ने भागलं की खरी जागा परत मिळते, एक्सेलमध्ये एका सूत्राचं काम आहे.

(विदर्भात काम करणाऱ्यांसाठी जाता जाता, तुमच्याकडे अशीच दिसणारी पण वेगळी चूक होते. ७८ अंश रेखांशावर यूटीएमचा, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीचा, झोन बदलतो, अमरावती ४३ मध्ये आणि वर्धा, यवतमाळ, नागपूर ४४ मध्ये. ॲपमध्ये झोन चुकीचा असेल तर बिंदू शेकडो किलोमीटर उडतो. तिथेही यंत्र निर्दोष असतं.)

नकाशाच्या दुसऱ्या ॲपमध्ये लोकेशन का येत नाही, तर अँड्रॉइडला बाहेरचा जीपीएस म्हणजे काय हे आपोआप कळत नाही. पेअर केलेला रिसीव्हर त्याच्या दृष्टीने नुसतं एक ब्लूटूथ खेळणं. मध्ये एक दुभाष्या लागतो. ब्लूटूथ जीएनएसएस किंवा लेफेब्युर एनट्रिप क्लायंट यापैकी एक ॲप टाका, मग सेटिंगमध्ये 'अबाउट' मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन उघडेल, त्यात 'मॉक लोकेशन ॲप निवडा' मध्ये हे ॲप निवडा. आता टॅबलेटमधल्या सगळ्या ॲपना बाहेरच्या रिसीव्हरची जागा मिळेल. बँकेची काही ॲप डेव्हलपर ऑप्शन चालू दिसला की कुरकुर करतात, म्हणून कामाचा टॅबलेट वेगळाच ठेवा. आणि बॅटरी सेव्हर! त्या दुभाष्या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की दोन-तीन मिनिटांत फोन त्याला मारून टाकतो आणि तुम्हाला वाटतं ब्लूटूथ तुटतंय. 'शेतात मध्येच तुटतं' या तक्रारींमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय.

आता चिकटून बसणं आणि उडी मारणं. हे मला स्वतःला शिकायला एक अख्खा पावसाळा लागला. त्या पिढीच्या चिपमध्ये स्टॅटिक नेव्हिगेशन नावाची एक सोय असते, ती गाडीसाठी केलेली आहे. सिग्नलला थांबलेली गाडी नकाशावर थरथरू नये म्हणून वेग फार कमी झाला की चिप बिंदू जागेवर गोठवते, आणि वेग वाढला किंवा तुम्ही बरंच लांब गेलात की सोडते. गाडीला छान. पण ढेकळांतून, बांधावरून सावकाश चालणाऱ्या माणसाला ती थांबलेली गाडी समजते. म्हणून बिंदू चिकटतो, मग उडी. मी त्या साली एका टेकडीच्या पायथ्याचे चाळीसेक तुकडे असे कोपरे कापलेले घेऊन आलो होतो आणि सगळे परत चालावे लागले, मजुरीसकट. तेव्हा मीही रिसीव्हरच खराब धरला होता. ही सोय बंद करता येते, सर्फडेमोसारख्या सॉफ्टवेअरने बायनरीत जाऊन स्टॅटिक नेव्हिगेशन 'डिसेबल' करायचं आणि आठवणीने परत एनएमईएमध्ये यायचं, नाहीतर वरची कचऱ्याची भानगड ओढवून घ्याल. आणि बॅकअप सेल मेलेला असेल तर ही सेटिंग बॅटरी काढली की विसरली जाते, दर वेळी परत करावी लागते. काही मॉडेलमध्ये ती कायमची कोंडलेलीच असते, तिथे उपाय नाही, अशा रिसीव्हरने चालत मोजणी करू नका, प्रत्येक कोपऱ्यावर झपझप जाऊन, मिनिटभर थांबून, बिंदू एकेक घ्या.

बॅकअप सेल मेलाय का हे ओळखायचं सोपं आहे. मोकळ्या जागी चालू करा, फिक्स लागला की बंद करा, दहा मिनिटांनी परत चालू करा. सेल जिवंत असेल तर काही सेकंदांत फिक्स येतो, कारण उपग्रहांच्या कक्षेची ताजी माहिती साधारण चार तास कामाची असते आणि ती त्याने जपून ठेवलेली असते. सेल मेला असेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. उपग्रह ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगतो, एका उपग्रहाची एक फेरी ३० सेकंदांची, मध्ये एक झाड आडवं आलं की ती फेरी वाया आणि पुढची वाट बघा. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून वर्षभर कपाटात पडलेला रिसीव्हर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या अंगणात, न हलवता, चालू ठेवायचा. चालत चालत, गाडीत बसून फिक्सची वाट बघायची नाही, उभं राहून बघायची. तुम्ही डबी विकत घेतली ती गुजरात किंवा दिल्लीहून आली असेल तर हे आणखीच लागू, तिची शेवटची आठवण तिकडची असते.

बॅटरी. आत जर बीएल-५सी असेल, बहुतेक तीच, तर आनंद आहे, ती आजही गावच्या मोबाइल दुकानात मिळते. पण स्वस्तातली घेऊ नका, वर छापलेलं काहीही असलं तरी आत अर्धाही माल नसतो. अस्सल बॅटरीवर ८५० ते १०२० एमएएच असतं. जुनी फुगलीय का बघा, सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवली आणि भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलीय, लगेच बाजूला, चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी आतल्या पाटीला दाबते आणि त्यातून सांधे सुटतात. बॅटरीची तिन्ही सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा. जुन्या डब्यांना मिनी यूएसबी असतं, ते सॉकेट सैल होतं, चार्जिंगचा दिवा केबल हलवल्यावर लुकलुकला तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाहीये, तासाभरात बसणं त्यातूनही होतं. नवीन टाइप-सी वाल्यांना एक वेगळीच अडचण, काही स्वस्त यंत्रांत सी ते सी केबल लावली तर चार्जिंगच होत नाही, कारण आत दोन छोटे रेझिस्टर टाकायचे वाचवलेत. त्यांना जुन्या चौकोनी यूएसबी ते सी केबलनेच चार्ज करा.

गाडीत वापरणाऱ्यांसाठी एक अनुभव. एका जीपमध्ये आमचा रिसीव्हर इंजिन चालू केलं की मरायचा, बंद केलं की जिवंत. महिनाभर अँटेना बदलली, केबल बदलल्या. शेवटी जीएसव्ही ओळी बघत एकेक वस्तू उपटत गेलो. सिगारेट लायटरच्या भोकातला स्वस्त चार्जर काढला आणि सगळ्यांचा जोर २२ वरून एकदम ४० च्या वर. स्वस्त चार्जर आणि डॅशकॅम जीपीएसच्या पट्ट्यात खरखर ओकतात, आणि तो सिग्नल इतका बारीक की तेवढी पुरते. पॉवर बँकही तपासा, रिसीव्हर आणि पॉवर बँक एकाच पिशवीत चिकटवून ठेवू नका. लॅपटॉपला लागलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क ब्लूटूथवर तसाच परिणाम करते, निळ्या पोर्टपासून रिसीव्हर लांब ठेवा.

तारीखही एकदा बघा, आरएमसी ओळीत असते. जुन्या यंत्रात जागा बरोबर पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची असं दिसेल. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या संदेशात तो आकडा १०२४ ला शून्यावर येतो, असं १९९९ मध्ये झालं आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री परत झालं. जागेवर याचा फरक पडत नाही, पण काही ॲप 'ही माहिती शिळी' म्हणून फेकून देतात आणि लोकेशन नाही असं सांगतात. अशा वेळी ॲपमध्ये 'टॅबलेटची वेळ वापरा' असा पर्याय शोधा.

ज्यांच्याकडे मोठा रोव्हर आहे, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स नावाच्या कायम चालू केंद्रांकडून इंटरनेटवर सुधारणा घेऊन सेंटिमीटरमध्ये मोजणारा, त्यांनाही हेच तीन टप्पे लागू, फक्त त्यांच्या ब्लूटूथवरून माहिती दोन्ही दिशांनी जाते. जीजीए ओळीत फिक्सच्या जागी ५ म्हणजे फ्लोट, अजून कच्चा, ४ म्हणजे पक्का. ५ वर अडकला की आधी सुधारणेचं वय बघा, ते वाढत चाललं असेल तर सिमची रेंज किंवा ब्लूटूथ, वय १-२ सेकंद आहे आणि तरी ५ च, तर आकाश. आणि एक गोष्ट, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलला, सूर्य मावळल्यावर आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळतं आणि सिग्नल थरथरतो, विशेषतः सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत. दिवसभर छान चाललेला रोव्हर संध्याकाळी सातनंतर फिक्स सोडतो आणि सकाळी परत ठीक. २०२४ च्या सीझनमध्ये याचे मला खूप फोन आले. त्या वेळी यंत्र रिसेट करत बसू नका, महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्या.

मग खरंच मेलाय हे कधी म्हणायचं? मोकळ्या माळावर, गाडीपासून लांब, वीस मिनिटं ठेवलाय, ओळी नीट येतायत, पण जीएसव्हीत एकाही उपग्रहाचा जोर नाही, तेव्हा. तरी आधी बाजूला बाहेरच्या अँटेनाचं छोटं गोल भोक आहे का बघा. त्यात आत एक बारीक स्विच असतो, धूळ जाऊन तो अडकला तर रिसीव्हरला वाटतं बाहेरची अँटेना लावलीय आणि तो आतलीकडे लक्षच देत नाही. अँटेनाची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, आणि जुळणारी बाहेरची अँटेना लावून बघा. बाहेरच्यावर उपग्रह आले तर चिप शाबूत, आतली अँटेना तडकलीय, डबी कधीतरी दगडावर पडलेली असणार. बाहेरच्यावरही शून्य असेल तर मात्र पुढचं सर्किट गेलं, आणि इतक्या जुन्या डबीवर तो खर्च करू नका.

तुमच्या डबीबद्दल माझा अंदाज, नवीन बीएल-५सी, दुभाष्या ॲप, जुनं ॲप हद्दपार आणि स्टॅटिक नेव्हिगेशन बंद, एवढ्यात ती कामाला लागेल. पण ती काय काम करेल हेही नीट सांगतो कारण तुमचं काम पाण्याचं आहे. मोकळ्या जागी ती ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर दाखवेल. एकराच्या चौकोनी तुकड्याची बाजू साधारण ६४ मीटर, एक बाजू ३ मीटर सरकली तरी जवळजवळ दोन गुंठ्यांचा फरक. झाडं मोजायला, विहिरी, बंधारे नकाशावर घ्यायला, किती हेक्टरवर काम झालं याचा अंदाज घ्यायला छान. हद्दीच्या भांडणात तिचा आकडा कुणाला दाखवू नका, ते काम भूमी अभिलेखच्या मोजणीचं. आणि समतल चर आखायला तिची उंची कधीच वापरू नका, उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, काही वेळा दहा मीटर, आणि चराला दोन-चार सेंटिमीटरची पातळी लागते, नाहीतर पहिल्याच वळवाला पाणी एका टोकाला जमून चर फोडून जाईल. जीपीएसने फक्त चराचं सुरुवातीचं टोक नकाशावर घ्या, पुढची फक्की हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारा) किंवा ए-फ्रेम (ओळंब्याची चौकट) लावूनच टाका.